ध्वनिक्षेपकाविना ऐकण्याची जागा खान्देशातही हवी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात कापसाचा भाव, केळीचा पीकविमा, पाणीयोजना आणि रस्ते यांविषयी वाचकांची पत्रे नेहमी येतात आणि ती यायलाच हवीत. आज मी ज्या उणिवेविषयी, म्हणजे ध्वनिक्षेपकाविना संगीत ऐकता येईल अशा सभागृहाच्या अभावाविषयी, लिहीत आहे, तिच्यामुळे कोणाचे पीक बुडत नाही आणि कोणाच्या घरी पाणी यायचे थांबत नाही, म्हणून ती कोणाच्या तक्रारीतही येत नाही. मात्र पस्तीस वर्षे शाळेत संगीत शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाने तिच्याविषयी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे, असे वाटून हे पत्र लिहिण्यास बसलो आहे.

अलीकडेच अमळनेरहून आम्ही चार जण मुंबईला, नरिमन पॉइंट येथे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या केंद्रात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाची मैफल ऐकण्यासाठी गेलो होतो. जाण्याची बातमी गल्लीत कळली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘गाणारे कोण आहेत’ हाच. त्यात कोणाची चूक नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवात किंवा यात्रेत रंगणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो आणि मराठीत तो शब्द त्याच अर्थाने रुळला आहे. गायक नाही, निवेदक नाही, ध्वनिक्षेपक नाही, ऐंशीच्या आसपास माणसे समोर लिहिलेला कागद ठेवून नुसती वाद्ये वाजवतात आणि आपण नुसते ऐकायचे, हे सांगितल्यावर दुसरा प्रश्न आला की त्यासाठी मुंबईपर्यंत रात्रभराचा प्रवास कशाला, मोबाइलवर ऐकता येत नाही का. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नव्हते. ते आता द्यावे, हाही या पत्राचा एक हेतू आहे.

आमच्या चौघांत माझी एक माजी विद्यार्थिनी होती, जी आता स्वतः पेटी शिकवते. शेजारचे नाना होते आणि त्यांचा पुतण्या होता. नानांनी चाळीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवले. त्यांचे वडीलही तेच वाजवत असत. खान्देशातील बँडची ख्याती मी आपल्या वाचकांना सांगायला नको. लग्नसराईत सुपारी घेतलेला बँड नवरदेवाला मारुतीच्या पारावरून मांडवापर्यंत आणताना क्लॅरिनेटने चाल धरायची, ट्रम्पेटने ती उचलायची, युफोनियमने खालून आधार द्यायचा, अशी या माणसांची वाटणी असे. गेल्या काही वर्षांत बँडमागे कर्ण्यांची गाडी आली, तिच्यावर की-बोर्ड आणि गायक आले, आणि पुढे गणवेशात चालणाऱ्या फुंकवाद्यांचे काम शोभेपुरते उरले. ‘आपण काय वाजवतो ते आपल्याच कानाला ऐकू येत नाही,’ असे नाना मला अनेकदा म्हणाले आहेत. त्यांचा पुतण्या त्याच गाडीवर की-बोर्ड वाजवतो, आणि त्याला दोष देण्याचे काही कारण नाही, कारण घर त्यावर चालते.

खान्देश एक्स्प्रेसने नंदुरबार, सुरत असा वळसा घेऊन, सोबत बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात आम्ही रात्र काढली. मुंबईतील दिवस नातेवाइकांकडे गेला आणि सायंकाळी चर्चगेटला उतरून आम्ही समुद्राच्या कडेने चालत केंद्रावर पोहोचलो. प्रवासाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सभागृहात आपापल्या जागी बसल्यावर रंगमंचावर जे पहिले घडले, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. सगळे वादक बसले, कुजबुज थांबली आणि ओबो या फुंकवाद्यातून एकच स्वर आला. पेटी वाजवणाऱ्यांना कळेल अशा भाषेत सांगायचे तर तो स्वर म्हणजे पांढरी सहा. एक माणूस तो स्वर धरून राहिला आणि बाकीच्या सर्वांनी आपापली वाद्ये त्याला लावून घेतली, आधी फुंकवाद्यांनी आणि मग व्हायोलिनपासून पाठीमागच्या उभ्या डबल बेसपर्यंत सर्व तंतुवाद्यांनी. मैफलीच्या आधी तानपुरा लागतो तेव्हा जी शांतता खोलीत उतरते, तीच शांतता हजाराहून अधिक खुर्च्यांच्या त्या सभागृहात उतरली. माझ्या विद्यार्थिनीने डोळे मिटून घेतले होते.

त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे बेथोवन या जर्मन संगीतकाराची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली चार भागांची दीर्घ रचना. ही रचना पहिल्यांदा वाजवली गेली ती व्हिएन्ना शहरात, 22 डिसेंबर 1808 रोजी, कडाक्याच्या थंडीत सुमारे चार तास चाललेल्या एका मैफलीत, आणि त्याच मैफलीत त्याची सहावी सिम्फनीही पहिल्यांदाच सादर झाली होती. तिचे सुरुवातीचे चार स्वर जगभर माहीत आहेत. पांढरी एक हा षड्ज मानला तर ते असे आहेत: प प प, आणि मग कोमल गंधारावर थांबणे, लगेच म म म, आणि ऋषभावर थांबणे. एवढ्या मूठभर स्वरांतून पहिला सबंध भाग उभा राहतो. मी विद्यार्थ्यांना पलटे घोटून घेताना नेहमी सांगत असे की चार स्वर नीट कळले तर तासभर पुरतात. ते माझे बोलणे इतक्या मोठ्या प्रमाणावर खरे झालेले मी प्रथमच ऐकले.

आपल्या श्रोत्याला हे संगीत परके वाटेल अशी जी समजूत आहे, तिच्याविषयी येथे थोडे लिहितो. या सिम्फनीचा आरंभ ज्या स्वरांत होतो, त्यांत गंधार, धैवत आणि निषाद कोमल आहेत, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर आहेत. आणि तिचा शेवट शुद्ध स्वरांत, म्हणजे बिलावलच्या स्वरांत होतो. हे राग नव्हेत, रागाची वाढ तेथे नाही, हे मी जाणतो. एका स्वरावर दुसरा, त्यावर तिसरा अशी स्वरांची चळत एकाच वेळी उभी करणे ही त्यांची रीत आणि एकाच स्वराच्या पोटात शिरणे ही आपली. तरीही आसावरीच्या स्वरांनी काळवंडलेले मन बिलावलच्या उजेडात येते, हे समजायला जौनपुरी ऐकलेला कान पुरेसा आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा नादही आपल्याला नवा नाही. हिंदी चित्रपटगीतांमागची व्हायोलिनची भरघोस साथ पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकतो आहोत आणि ती लिहिणारे व वाजवणारे अनेक जण गोव्याचे, याच शिस्तीत वाढलेले होते. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, 1958 मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी वाद्यवृंद उभारला होता आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले होते.

पहिल्या भागात एक जागा अशी येते की सगळा वृंद भर वेगात असताना थांबतो आणि एकटा ओबो काही क्षण मोकळेपणाने एक लहानशी स्वरावली गातो. त्याला आलापच म्हणावे असे वाटले. आम्ही बऱ्याच वरच्या रांगेत होतो. त्या एका माणसाच्या फुंकेतून निघालेला तो नाजूक स्वर कोणत्याही यंत्राच्या मदतीविना आमच्यापर्यंत जसाच्या तसा आला. नानांनी माझा हात दाबला. मोबाइलवर ऐकता येत नाही का, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. मोबाइलवर तो स्वर ऐकू येतो, पण तो मोठा आहे की लहान, जवळचा आहे की दूरचा, हे यंत्र ठरवते. येथे समोर बसलेल्या माणसाचा श्वास ते ठरवत होता.

दुसऱ्या संथ भागात व्हायोला आणि चेलो यांनी मांडलेल्या चालीनंतर क्लॅरिनेट पुढे येते. नाना खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते आणि मांडीवर त्यांची बोटे चालत होती. पहिला भाग संपल्यावर काही श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, तर काहींनी मागे वळून त्यांच्याकडे नाराजीने पाहिले. भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही, असा आता शिष्टाचार आहे. आम्ही तो पाळला; पण मला वाटते, नवख्या श्रोत्याला त्यावरून ओशाळे करू नये. खुद्द बेथोवनच्या काळी श्रोते अशी दाद देत असत आणि 1813 मध्ये त्याच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग श्रोत्यांच्या आग्रहाखातर लगेच पुन्हा वाजवावा लागला होता. आपल्या मैफलीत समेवर ‘वाहवा’ जाते, त्याच जातीची ती दाद होती.

आता जे लिहितो ते नानांमुळे माझ्या लक्षात आले. रंगमंचाच्या मागच्या बाजूला ट्रॉम्बोन घेतलेले तीन वादक पहिल्यापासून बसून होते. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसराही संपत आला, तरी त्यांनी वाद्य ओठांना लावले नव्हते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सगळा आवाज विझत जातो, तंतुवाद्ये खाली एक स्वर धरून ठेवतात आणि टिंपनी हे नगाऱ्यासारखे वाद्य षड्जावर इतके हलके ठोके देत राहते की श्वास रोखून ऐकावे लागते. ते ठोके वाढत जातात, वर व्हायोलिन चढत जातात आणि मध्ये न थांबता चौथा भाग उघडतो: सा, ग, प, शुद्ध स्वरांत, पूर्ण ताकदीने. तिन्ही ट्रॉम्बोन त्याच क्षणी पहिल्यांदा वाजतात. बेथोवनने ती वाद्ये शेवटच्या भागासाठीच राखून ठेवली आहेत. मैफल संपून आम्ही जिना उतरत असताना नाना म्हणाले, ‘‘गुरुजी, त्या तिन्ही जन इतला येळ काबर बठेल व्हतात, ते आते समजनं.’’ वाद्यवृंदाविषयी इतके नेमके वाक्य मी कोणाकडून ऐकलेले नाही. गेली काही वर्षे ज्या माणसाला आपले वाद्य ऐकू येत नव्हते, त्याला गप्प बसलेल्या वाद्याचेही मोल ऐकू आले.

संपादक महाशय, माझा मुद्दा यातूनच निघतो. खान्देशात वाद्ये आहेत, ती वाजवणारी माणसे आहेत आणि ऐकणारेही आहेत. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने होणाऱ्या संगीत महोत्सवाला लोक रात्री उशिरापर्यंत बसतात. सातपुड्यातील आदिवासींची पावरी, कानबाईच्या उत्सवातील गाणी, वहीगायनाचा डफ, अमळनेरला सखाराम महाराजांच्या उत्सवातील टाळ-मृदंग, या सगळ्यांवर आपला कान घडलेला आहे. नाही ती एकच गोष्ट: वाद्याचा वा गळ्याचा मूळ आवाज, ध्वनिक्षेपकाविना, शांततेत ऐकता येईल अशी एक बंद, नीट बांधलेली खोली. आपल्या पणजोबांच्या पिढीला ती अपूर्वाई नव्हती. बालगंधर्व लहानपणी जळगावात गाणे शिकले आणि पुढे त्यांनी नाट्यगृहे भरवली ती ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढ्या साथीवर, ध्वनिक्षेपक रंगभूमीवर येण्याआधीच्या काळात. शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोहोचवणे हे तेव्हा गायकाचे आणि वास्तूचे मिळून काम होते.

नावे घेण्याची इच्छा नाही, कारण दोष एकाचा नाही. पण आपल्या भागातील एका नाट्यगृहात माझ्या शाळेच्या मुलांचा समूहगायनाचा कार्यक्रम होता, तेव्हा बाहेरच्या जनित्राचा आवाज सभागृहात इतका येत होता की पेटीचा षड्ज मुलांना ऐकू जाईना. आम्ही ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला, मग तो किंचाळू लागला, मग तो कमी केला, आणि शेवटी मुले बेसूर झाली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना मात्र आपण बिघडवले असे वाटले आणि त्यांतील एक मुलगी रंगमंचामागे रडत होती. ती बेसूर नव्हती, हे मी तिला तेव्हाही सांगितले आणि येथेही लिहून ठेवतो.

सभागृहाच्या नादाचे शास्त्र काही गूढ नाही. आवाज थांबल्यावर तो भिंतींवर आपटत किती वेळ घुमत राहतो, हे खोलीच्या घनफळावर आणि आत आवाज शोषून घेणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे पडदे, गाद्या आणि माणसे यांच्यावर अवलंबून असते. वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकांनी त्याचे गणित मांडले आणि त्याच्या आधारे बोस्टनचे सिम्फनी हॉल 1900 साली उभे राहिले. वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा घुमारा मानवतो, बोलक्या नाटकाला त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी. त्यामुळे एकच वास्तू दोन्हींसाठी सर्वोत्तम होणार नाही, हे मान्य करूनही, बाहेरचा आवाज आत येऊ न देणे, जनित्र आणि वातानुकूलन यंत्रे दूर ठेवणे, दारे घट्ट मिटतील अशी करणे, या गोष्टी दोघांनाही लागतात. नवी नाट्यगृहे बांधताना किंवा जुनी दुरुस्त करताना आपल्याकडे खुर्च्यांची संख्या, दर्शनी भाग आणि वाहनतळ यांची चर्चा होते. नादाची चर्चा झाल्याचे मी कधी ऐकले नाही. निविदेच्या कागदात ध्वनितज्ज्ञाच्या तपासणीची एक अट घातली जावी, ही माझी विनंती आहे, आणि लोकप्रतिनिधींनी ती ऐकावी.

हे मोठ्या शहरांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. मुंबईचे ते केंद्रही 1969 मध्ये भुलाभाई देसाई मार्गावरील भाड्याच्या जागेत सुरू झाले. जमशेद भाभा यांनी ते वाढवले, पु. ल. देशपांडे आणि अशोक रानडे यांच्यासारख्या आपल्या माणसांनी तेथे काम केले. आम्ही ज्या सभागृहात बसलो ते बांधून होत असताना 1997 मध्ये आगीत जळाले, तरी पुन्हा उभारून 1999 मध्ये खुले केले गेले. वाद्यवृंद तर त्यानंतर, 2006 मध्ये स्थापन झाला. आधी जागा झाली, मग वादक जमले. आणि लहान गावाचे उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशातील मैहर पाहावे. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून तेथे वाद्यवृंद घडवला आणि बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ हे वाद्यही तयार केले. मैहर हे अमळनेरपेक्षा मोठे गाव नव्हे.

ऐंशी वादकांचा वृंद खान्देशात आणावा, अशी अवाजवी मागणी मी करत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो मिळून चौघांचा संच होतो. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसून अशा पाच फुंकवाद्यांचाही एक संच असतो आणि त्याच्यासाठी उत्तम रचना लिहिलेल्या आहेत. चार-पाच वादकांना रेल्वेने येता येते, महाविद्यालयाचे जुने, उंच छताचे, जाड भिंतींचे सभागृह त्यांना पुरते आणि पंखे तासभर बंद ठेवले तरी हिवाळ्यात कोणाला उकडत नाही. एखाद्या संस्थेने किंवा महाविद्यालयाने हे मनावर घेतले, तर श्रोत्यांच्या पहिल्या रांगा आपल्या बँडमधील फुंकवादकांसाठी राखून ठेवाव्यात. संध्याकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात त्यांनीही वाजवावे, कर्णे नसताना आणि बसून.

नानांनी परत आल्यावर क्लॅरिनेटला नवी पत्ती बसवली आहे. सायंकाळी ते आमच्या शाळेच्या जुन्या प्रार्थनागृहात, मुले गेल्यावर, दारे लावून वाजवतात. पुतण्या की-बोर्ड घरी ठेवून येतो आणि कोपऱ्यात बसून ऐकतो. मागच्या आठवड्यात त्याने विचारले की ट्रॉम्बोन जुना विकत मिळाला तर केवढ्याला पडेल. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे बँडमधील जुनी फुंकवाद्ये माळ्यावर पडून असतील आणि ती द्यायची इच्छा असेल, तर त्यांनी आपल्या दैनिकाच्या अमळनेर कार्यालयात निरोप ठेवावा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगीतशिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव